धाप मोजली, विसराचं काय?

रोटाहेलरची कॅप्सूल गिळायची नसते. ती यंत्रात बसवायची, यंत्र फिरवून फोडायची, छातीतला श्वास आधी पूर्ण सोडायचा, मग यंत्र तोंडाला लावून जोरात आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखून धरायचा. सांगायला दोन मिनिटं पुरतात. तरी ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकणारे रुग्ण जगभर आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला २००८ मध्ये त्याबद्दल खास सूचना काढावी लागली होती. आपल्याकडे हा प्रकार बहुधा उघडकीला येतो तो रुग्ण दम वाढून पुन्हा भरती झाल्यावर. मग वॉर्डात तीच ती वाक्यं ऐकू येतात. "मामा, कितीदा सांगायचं तुम्हाला?" असं डॉक्टर विचारतात. "ते ऐकतच नाहीत कुणाचं," असं मुलगा सांगतो. आणि मामा खाली बघत पुटपुटतात, "ध्यानातच ऱ्हाईना झालंय बघा." तिघांच्या बोलण्यात कामाचं वाक्य हे शेवटचं, आणि केसपेपरवर न उतरणारंही हेच.

ही विस्मृती मोजता येते. ती कशी मोजायची, हे शिकवताही येतं. कोल्हापुरात मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना ते छातीच्या वॉर्डातच शिकवलं पाहिजे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

फुप्फुसाच्या आजारात स्मरणशक्तीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के भरणारा मेंदू शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के एकटा वापरतो. पुरवठा वर्षानुवर्षं अपुरा राहिला, की त्याची झळ त्याला लागणारच. हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये ऑक्सिजन उपचारांची एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातल्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या आणि रक्तात ऑक्सिजन कमी असलेल्या २०३ रुग्णांची इगोर ग्रँट, रॉबर्ट हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेतामानसशास्त्रीय तपासणी केली. निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र स्वरूपाचा बिघाड ४२ टक्के रुग्णांत दिसला. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत हे प्रमाण १४ टक्के होतं. पाच वर्षांनी याच गटाने आणखी रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा रक्तातला ऑक्सिजन थोडाच घटलेल्यांमध्ये २७ टक्के, तर फार घटलेल्यांमध्ये ६१ टक्के जणांत दोष आढळला. ऑक्सिजनची उतरण आणि बुद्धीच्या कामांतली उतरण जोडीने चालल्याचं आकड्यांतच दिसत होतं.

इटलीत राफाएले अँतोनेल्ली इंकाल्झी यांच्या गटाने पुढे याच वाटेने काम केलं. सीओपीडीच्या रुग्णांत शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता विशेष घटते, आणि ती घटली की औषधं वेळेवर घेणंही बिघडतं, असा संबंध त्यांना आढळला. २००६ मध्ये त्यांनी त्याहून गंभीर गोष्ट मांडली. तीव्र सीओपीडीत समोरची आकृती पाहून काढायला न जमणं हा मृत्यूचा धोका वाढल्याचा इशारा असू शकतो. कागद, पेन्सिल आणि चार रेघांची आकृती एवढ्या सामग्रीवर ही गोष्ट कळते.

म्हणजे विज्ञान चाळीस वर्षांपूर्वीचं आहे. आपल्या वॉर्डात ते अजून पोचलेलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात तर ते आधी पोचायला हवं होतं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांनी या जिल्ह्याला पैसा दिला, नाव दिलं. साच्याची वाळू मोडून कास्टिंग बाहेर काढणारा नॉकआउटवरचा कामगार आणि कास्टिंग घासून साफ करणारा फेटलिंगवरचा कामगार यांच्या छातीत त्याच वाळूची सिलिका गेली. इचलकरंजीच्या परिसरात सूत आणि कापडावर घरं उभी राहिली. कापसाच्या तुसाने होणाऱ्या आजारात सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते. सिलिकाने होणारा सिलिकोसिस आणि तुसाने होणारा बिसिनोसिस हे दोन्ही आजार १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होते. ते आढळले तर शासनाला कळवणं आजही बंधनकारक आहे. शिवाय हंगामभर गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं सारणारी माणसं आहेत, आणि क्षयरोग बरा झाल्यावरही फुप्फुसावर व्रण उरलेले रुग्ण आहेत. या रुग्णांची परंपरा या भागाला जुनीच आहे. मिरजेजवळच्या वॉनलेसवाडीला क्षयरोगाचं रुग्णालय उगाच उभं राहिलेलं नाही.

बायकांचं दुखणं वेगळं सांगायला हवं. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या भागांत पावसाळ्याचे चार महिने ओली लाकडं, बंद दारं आणि घरभर धूर असा संसार ज्यांनी केला, त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहून धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचं लक्ष वेधलं. जगात विडी-सिगारेट ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, शेणी, पाचोळ्याच्या धुरात वावरणारे सुमारे तीनशे कोटी, हा त्यांचा हिशेब होता. भारतात २०१६ मध्ये सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. उज्ज्वला योजना त्याच वर्षी आली. गॅस आला तरी तीस-चाळीस वर्षं छातीत साठलेला धूर काही गॅसबरोबर निघून जात नाही. अशी बाई दूध उतू घालू लागली, भाजीत मीठ दोनदा टाकू लागली, तर घरचे वयावर नाव घालतात. तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघावा, असं कुणाच्या मनात येत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, गल्लोगल्ली घेतलेली ती यंत्रं आज बहुतेक घरांत कपाटात पडून आहेत.

आता प्रश्न उरतो तो हे काम करायचं कुणी. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याने रांग लावली आहे, त्याला डॉक्टरांच्या वाट्याचा वेळ ठाऊक आहे. स्पायरोमेट्री होते, एक्स-रे होतो, थुंकी तपासली जाते. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवायला छातीच्या डॉक्टरला सवड नाही, आणि ती त्याच्याकडून मागणंही रास्त नाही. नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ जिल्ह्यात मोजके. त्यांचा दिवस मनोविकार विभागात आणि प्रमाणपत्रांच्या कामात जातो. अशा वेळी हाताशी आहेत ते विद्यार्थी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प आला. ओजेटीचे हे चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास होतात. मानसशास्त्राची मुलं ते समुपदेशन केंद्रात, विशेष मुलांच्या शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात भरून काढतात. ती ठिकाणं चांगलीच आहेत. पण छातीचा वॉर्ड त्या यादीत क्वचित दिसतो, आणि मानसशास्त्र म्हणजे फक्त 'मनाचं' शास्त्र हा समज त्यातून पक्का होत जातो.

या वॉर्डातलं शिक्षण पुस्तकातल्यापेक्षा फार वेगळं असतं. समजा, फेटलिंगवर तीस वर्षं काढलेला एक माणूस इंटर्नसमोर बसला आहे. पहिली गोष्ट शिकायची ती अशी, की चाचणीची पेटी उघडण्याआधी ऑक्सिमीटर बघायचा. आकडा ८६ असेल तर मोजला जाईल तो त्या क्षणाचा प्राणवायूचा तुटवडा. डॉक्टरांना सांगायचं, ऑक्सिजन लावल्यावर, आकडा स्थिरावल्यावर पुन्हा यायचं, आणि चाचणीच्या कागदावर तो आकडा वेळेसह लिहायचा. सकाळचा आणि दुपारचा माणूस या वॉर्डात एक नसतो.

दुसरी गोष्ट श्वासाची. शब्दसुचकतेची एक नेहमीची चाचणी आहे. एका मिनिटात 'क'वरून सुचतील तेवढे शब्द सांगायचे, मग 'प'वरून, मग 'म'वरून. निरोगी माणूस धडाधड सांगत जातो. धाप लागलेला माणूस "कणीस... कमळ..." म्हणतो, थांबतो, श्वास घेतो, खांदे वर उचलतो, "कासरा..." म्हणतो, आणि मिनिट संपतं. गुण कमी पडले. पण कशामुळे? शब्द सुचला नाही की उच्चारायला वारा पुरला नाही? हे ओळखणं हीच या प्रशिक्षणातली खरी कसोटी आहे. त्यासाठी फार बोलावं न लागणारी चाचणी जोडीला घ्यावी लागते, शब्दांमधला थांबा टिपावा लागतो, एका बैठकीचं काम तीन बैठकांत वाटावं लागतं. नुसती बेरीज करून अहवाल लिहिणारा इंटर्न अशा माणसाला सरळ मंदबुद्धी ठरवून मोकळा होईल.

हाताचंही तसंच. नेब्युलायझरमधून साल्ब्युटामॉल नुकतंच दिलेलं असेल तर हात थरथरतो. तेव्हा आकृती काढायला लावली तर रेघ वाकडी येणार, आणि दोष औषधाचा असताना नाव मेंदूवर येणार. स्टेरॉइडने माणूस चिडचिडा होतो, झोप उडते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं सायक्लोसेरिन डोक्यावर परिणाम करू शकतं. म्हणून औषधाचा तक्ता वाचता येणं, कोणतं औषध किती वाजता दिलं हे नर्सला विचारणं, हेही मानसशास्त्राच्या मुलांना शिकावं लागेल. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगायला हवी. रुग्ण बोलता बोलता पेंगायला लागला, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडायला लागले, कालपर्यंत ओळखत होता त्या बायकोला ओळखेना, तर चाचणी तिथेच थांबवायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची ती खूण असू शकते. त्या घटकेला त्याला चाचणीची नाही, उपचाराची गरज असते.

मग येतो भाषेचा आणि शाळेचा प्रश्न, आणि इथे आपण मराठी माणसांनी स्वतःला जरा धारेवर धरलं पाहिजे. बंगळूरच्या निम्हान्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला चाचणीसंच भारतीय माणसांच्या वय, लिंग आणि शिक्षणानुसार प्रमाणं देतो. तो मोठा आधार आहे. पण त्याची प्रमाणं पासष्टीपर्यंतची, आणि आपला छातीचा रुग्ण पुष्कळदा त्यापुढचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी चाचण्यांची पेटी तयार केली, ती आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या पाचांत मराठी नव्हती. हे वाचून वाईट वाटतं, कारण आपली सुरुवात फार लवकर झाली होती. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ते १९३० च्या दशकात. कोल्हापूरपासून धारवाड काही लांब नाही. नव्वद वर्षांपूर्वी मुलांसाठी जे झालं, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आता व्हायला काय हरकत आहे?

शाळेची पायरी न चढलेल्या आजींसमोर गुंतागुंतीची आकृती ठेवून "ही बघून काढा" म्हणणं हा अन्याय आहे. त्यांनी पेन्सिल धरलेली नसते. त्याच आजी डेअरीला घातलेल्या दुधाचा दहा दिवसांचा हिशेब तोंडी सांगतात, चार गावांतली सोयरीक पिढ्यांसह सांगतात. त्यांच्या स्मरणशक्तीला हात घालायचा तर ऐकून सांगायच्या चाचण्या हव्यात, ओळखीचे शब्द हवेत, आणि त्यांच्याच वयाच्या, त्यांच्यासारख्याच न शिकलेल्या निरोगी बायकांशी तुलना हवी. इथे इंटर्नकडून मोलाचं काम होऊ शकतं. त्यांनी स्वतःच्या मनाने चाचण्या बनवू नयेत, तो उतावळेपणा ठरेल. पण ठरलेल्या चाचण्या एकाच पद्धतीने, अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखाली, गावोगावच्या निरोगी ज्येष्ठांना देऊन प्रमाणं गोळा करणं विद्यार्थ्यांच्या तुकड्यांना सहज जमेल. दरवर्षी नवी तुकडी येते. काही वर्षांत चंदगडपासून शिरोळपर्यंतची नोंद तयार होईल, आणि ती सबंध महाराष्ट्राच्या उपयोगी पडेल.

आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. शिकाऊ मुलांच्या हाती आजारी माणूस सराव म्हणून द्यायचा का? नाही द्यायचा. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला त्या परिषदेची नोंदणी लागते. इंटर्नने चाचणी द्यावी, निरीक्षण लिहावं. निष्कर्ष आणि सही नोंदणीकृत मार्गदर्शकाची. 'डिमेन्शिया' हा शब्द इंटर्नच्या तोंडून नातेवाइकांपुढे निघता कामा नये. असे मार्गदर्शक तयार करण्याची वाटही सध्या खाचखळग्यांची आहे: एम.फिल. बंद करण्याचं धोरण आलं, मग चिकित्सालयीन मानसशास्त्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. या गोंधळात जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ मार्गदर्शक मिळणं अवघड होतं. त्यावर उपाय पदं मंजूर करणं आणि भरणं हाच आहे. मार्गदर्शक नसेल तर हा उपक्रम सुरूच करू नये, इतकं हे स्पष्ट असायला हवं.

दुसरी भीती कामगारांच्या बाजूची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झालं तर सगळंच मुसळ केरात जाईल. ज्याची विस्मृती कागदावर आली, त्याला कारखाना भट्टीजवळ ठेवील का? सुरक्षिततेचं कारण दाखवून घरी बसवायला हा अहवाल चांगलाच कामाला येईल. त्यामुळे तपासणी रुग्णाच्या संमतीने, बाजूला नेऊन, आणि अहवाल रुग्णाच्या आणि त्याच्या डॉक्टरच्याच हाती, ही अट पहिल्या कागदावर छापलेली असली पाहिजे. ज्या धुळीने छाती गेली त्या धुळीची जबाबदारी मालकावर राहते. रुग्णाच्या चाचणीचे गुण ती पुसून टाकू शकत नाहीत.

आणि मोजून काय मिळणार, मेंदू थोडाच पूर्ववत होणार आहे, असंही कुणी म्हणेल. हीटन यांच्या गटाने १९८३ मध्येच दाखवलं होतं, की फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा दिवसरात्र घेणाऱ्यांची चाचण्यांतली कामगिरी वर्षभरानंतर सरस होती. आज ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो त्यांना दिवसाचे किमान पंधरा तास तो घ्यायला सांगतात. विजेचं बिल, आवाज आणि 'सवय लागेल' ही भीती यांमुळे तो बंद करून ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. "ऑक्सिजन बंद ठेवलात तर छातीइतकंच डोकंही थकेल" हे चाचणीच्या कागदासह सांगितलं, तर घरच्यांना पटायची शक्यता वाढते. शिवाय प्रत्येक रुग्णाची अडचण वेगळी. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवल्यावर काहींना दर फेरीत थोडे जास्त आठवतात. त्यांना रोटाहेलर पुन्हा पुन्हा शिकवला तर तो येतो. काहींना स्वतःहून आठवत नाही, पण शब्द समोर ठेवला तर ओळखता येतो; त्यांच्यासाठी औषधाच्या डबीवर चित्र चिकटवायचं, पायऱ्यांचा कागद भिंतीला लावायचा. आणि ज्यांना दोन्ही जमत नाही, त्यांच्या औषधाची जबाबदारी सुनेकडे किंवा नातवाकडे सोपवायची, नेब्युलायझर द्यायचा. हा निर्णय डॉक्टरांचाच. पण त्यासाठी लागणारी माहिती आज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

तपासणीचा अतिरेकही नको. ४२ टक्क्यांत दोष सापडला याचा अर्थ ५८ टक्क्यांत तसा सापडला नाही, आणि ते रुग्ण बरेच आजारी होते. नैराश्याने, झोप न लागल्याने, नुसत्या काळजीनेही माणूस विसरतो, आणि दम लागणाऱ्या माणसाच्या पदरी या तिन्ही गोष्टी असतात. चांगला शिकवलेला इंटर्न चाचणीआधी दहा मिनिटं शेजारी बसून "झोप लागते का, मामा?" हे विचारतो. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

शेंडा पार्कात वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात नवं रुग्णालय उभं राहत आहे. तिथल्या ऊरोरोग विभागात एक छोटी खोली या कामासाठी राखून ठेवावी: बंद होणारं दार, टेबल, दोन खुर्च्या, भिंतीत ऑक्सिजनचा पॉइंट. शिवाजी विद्यापीठाच्या मानसशास्त्र अभ्यास मंडळाने ओजेटीच्या ठिकाणांत छातीच्या वॉर्डाची भर घालावी, आणि शासनाने तिथे नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाचं एक पद मंजूर करून भरावं. पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी येईल, त्याआधी या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत.